आधीपणाची रेषा

शबानाचा फोन आला तेव्हा प्रणिता डोंगरे कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर नळीनं पाणी मारत होती आणि तिचा नवरा मिलिंद स्टुलावर चढून कूलरच्या पंख्यात काहीतरी खटपट करत होता. नागपूरचा एप्रिल नुकता कुठे तापायला लागला होता.

"मॅडम, आकडा दोनच्या वर गेला," शबाना म्हणाली.

प्रणितानं नळी खाली ठेवली. पाणी अंगणभर वाहत राहिलं.

"किती वर?"

"दोन पूर्णांक तीनच्या आसपास. अजून बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीच पहिल्या."

मिलिंदनं वरून विचारलं, "कोण आहे?" प्रणितानं हातानंच थांब म्हटलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण पायांवरून वाहणाऱ्या पाण्याकडे तिचं ध्यानच नाही हे मिलिंदच्या लक्षात आलं आणि तो स्टुलावरून उतरला.

तो आकडा खरा असेल, तर प्रणिता तीस वर्षं जे सांगत आली ते चूक होतं. आणि दोनची ती रेषा आखली होती तिनंच.

प्रणिता मूळची वर्ध्याची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी फळ्यावर आलेख काढला आणि आडव्या रेषेखाली 't' लिहिलं. प्रणितानं उभं राहून विचारलं, "सर, हा टी म्हणजे नेमकं काय?" सर म्हणाले, "वेळ. घड्याळ दाखवतं ती." "आणि घड्याळ काय दाखवतं?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "पोरी, हा प्रश्न परीक्षेला येत नाही." तास संपल्यावर मात्र जिन्यात तिला गाठून त्यांनी हळूच सांगितलं, "उत्तर सापडलं तर मला कळव."

त्या प्रश्नापायी तिनं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, मग सगळ्यांचा सल्ला धुडकावून तत्त्वज्ञानात एम.ए. केलं, मग हॉलंडला जाऊन पीएच.डी. केली आणि परत आली. परत आल्यावर तिचं काय करायचं हे कुणालाच कळेना. भौतिकशास्त्र विभाग म्हणे, या तत्त्वज्ञानवाल्या. तत्त्वज्ञान विभाग म्हणे, यांना समीकरणांशिवाय बोलता येत नाही. कितीतरी वर्षं ती दोन्हीकडे तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. काळाचं तत्त्वज्ञान शिकवणारी बाई तासावर पोट भरते, हा विनोद तीच आधी करून टाकायची, म्हणजे दुसऱ्यांना करायला उरत नसे.

त्याच वर्षांत तिनं तो निबंध लिहिला. पुढे जगभरच्या विद्यापीठांत तो 'डोंगऱ्यांचा युक्तिवाद' म्हणून शिकवला जाऊ लागला. युक्तिवाद साधा होता. भौतिकशास्त्रानं एकेक करून सगळं काढून घेतलं आहे. वस्तू एका जागी असते, ही खात्री गेली. सगळ्यांचा काळ सारख्याच वेगानं चालतो, ही समजूत गेली. पण एक गोष्ट काढून घेता येणारच नाही, ती म्हणजे आधीपणा. कारण कुठलाही प्रयोग सांगायचा झाला तर "आधी हे केलं, मग ते दिसलं" असंच सांगावं लागतं. आधी आणि नंतर ही जगाची शेवटची हाडं आहेत. मांस गळेल, हाडं राहतील.

एवढं लिहून ती थांबली असती तर सुरक्षित राहिली असती. पण तिच्यातली भौतिकवाली स्वस्थ बसेना. निबंधाच्या शेवटी तिनं मोजमाप देऊन ठेवलं. एक विशिष्ट प्रयोग करून एक विशिष्ट आकडा काढावा. जगात आधी-नंतरचा क्रम ठरलेला असेल, तर हा आकडा दोनच्या वर कधीच जाणार नाही. गेला, तर मी चुकले असं समजावं. तसा प्रयोग करण्याची ताकद तेव्हा पृथ्वीवर कुणाकडे नव्हती. सहकारी म्हणाले, प्रणिताबाईंनी फुकटचा उदारपणा दाखवला आहे.

एम.ए.च्या वर्गात बसलेल्या मिरजेच्या शबाना मुजावरला मात्र तो उदारपणा वाटला नाही. ती निबंध घेऊन प्रणिताच्या टेबलाशी आली. "मॅडम, हे तुम्ही मनापासून लिहिलंय?"

"हो."

"मग मी इथं काय करतेय?" शबाना म्हणाली आणि पुढच्या वर्षी तिनं तत्त्वज्ञान सोडून भौतिकशास्त्र धरलं.

आता शबाना पंचेचाळीस वर्षांची होती आणि भंडारा जिल्ह्यातल्या सुकळीच्या बंद पडलेल्या मँगनीजच्या खाणीत तिची प्रयोगशाळा होती. तिचं सगळं तारुण्य गुरूनं आखलेली रेषा ओलांडून दाखवण्यात गेलं होतं. दोघींमध्ये कधी वितुष्ट मात्र आलं नाही. दर ईदला प्रणिताकडे शीरखुर्म्याचा डबा यायचा आणि त्यासोबत प्रयोग कुठवर आला त्याची हकीकत.

"तुम्ही सुकळीला या," शबाना फोनवर म्हणाली. "हा आकडा खोटा ठरवायची सगळ्यांत जास्त इच्छा तुम्हांला असणार. मला तसाच माणूस हवा आहे. आठवडे लागोत, महिने लागोत, फटी शोधा."

*

तुमसरहून पुढे साग आणि मोहाच्या जंगलातून रस्ता सुकळीला जातो. खाणीच्या तोंडाशी पत्र्याचा नियंत्रण कक्ष, शेजारी पाहुण्यांसाठी दोन खोल्या, आणि तिथून पाळण्यानं, म्हणजे खाणीच्या लिफ्टनं, खाली गेलं की बोगद्याच्या टोकाला ते यंत्र. प्रयोगशाळेतली पोरं त्याला नुसतं 'गोळी' म्हणत.

पहिल्या दिवशी शबानानं तिला खाली नेलं. हेल्मेटवरच्या दिव्याच्या उजेडात दोघी स्टीलच्या पिंपासारख्या टाकीसमोर उभ्या राहिल्या.

प्रयोगाची कल्पना तशी दोन गोष्टींत सांगता येते. पहिली गोष्ट, जड वस्तूजवळ काळ सावकाश चालतो. इमारतीच्या तळमजल्यावरचं घड्याळ गच्चीवरच्या घड्याळापेक्षा अगदी किंचित मागे पडतं, कारण ते पृथ्वीच्या जास्त जवळ असतं. हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं, आणि आता थोरियमच्या अणुगर्भाची घड्याळं इतकी तरबेज झाली होती की धातूच्या एका कणाजवळ पडणारा फरकही त्यांना कळे. दुसरी गोष्ट, अतिसूक्ष्म वस्तू एका वेळी दोन जागी असू शकते. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत हे जुनंच. शबानानं सतरा वर्षं खपून ऑस्मियमची एक गोळी, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी लहान पण इलेक्ट्रॉनच्या मानानं डोंगराएवढी, तशा दुहेरी अवस्थेत नेली होती.

आता त्या गोळीच्या दोन बाजूंना दोन घड्याळं ठेवा. दोघांना सांगून ठेवा, तुझे ठरलेले टोले झाले की समोरच्याकडे प्रकाशाचा ठिपका पाठव. गोळी डावीकडे असेल तर डावं घड्याळ रेंगाळेल आणि उजव्याचा ठिपका आधी निघेल. गोळी उजवीकडे असेल तर उलट. आणि गोळी दोन्हीकडे असेल तर?

"तर कोणता आधी निघाला, याला उत्तरच नाही," शबाना म्हणाली. "आपल्याला माहीत नाही असं नव्हे, मॅडम. उत्तर नाही."

"की उत्तर आहे आणि तुला दिसत नाही?"

"तेच तर तुमची दोनची रेषा सांगते. उत्तर कुठेही लपलेलं असेल, तरी आकडा दोनच्या खालीच राहील."

प्रणितानं टाकीच्या थंडगार पत्र्यावर हात ठेवला. तिला वाटलं होतं आपल्याला राग येईल, निदान चडफड होईल. तसलं काहीच झालं नाही. लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहताना झालं होतं, तसं काहीसं झालं.

ती राहिली आणि कामाला लागली. तिला उपकरणातलं फारसं कळत नव्हतं, पण कशावर काय उभं आहे ते विचारण्यात तिचा जन्म गेला होता. घड्याळांचं काम पाहणाऱ्या हेमांगी उईके या मुलीला तिनं एका दुपारी सहज विचारलं, "प्रत्येक फेरीला घड्याळं शून्यापासून चालू होतात ना? मग 'चल' असं त्यांना सांगतं कोण?"

"लेसर."

"दोघांना एकच?"

"हो मॅडम. एकच असला की ताळमेळ चांगला राहतो."

प्रणितानं ते वहीत टिपून घेतलं. पुढचे काही दिवस ती खोलीत गणितं करत बसली, आणि शेवटी तिला चोरवाट सापडली. दोन्ही घड्याळांना एकाच लेसरचा ठेका मिळत होता आणि गोळीवरून उडालेला प्रकाशाचा पुसटसा कवडसा त्या लेसरपर्यंत परत जात होता. म्हणजे प्रत्येक फेरीत आधी-नंतर अगदी ठरलेलं असूनही, त्या सामायिक ठेक्यातून दोन घड्याळांनी संगनमत केल्यासारखी गत होऊ शकत होती. आकडा फुगू शकत होता. थेट दोन पूर्णांक तीनपर्यंत.

तिनं गणित पुन्हा करून पाहिलं. बरोबर होतं. तिचा युक्तिवाद अजून उभा होता.

*

त्याच दिवशी कुलगुरू डॉ. पाटणे यांचा फोन आला. विद्यापीठात काळाच्या अभ्यासाचं एक मोठं केंद्र बांधून तयार होतं. त्याला प्रणिताचं नाव द्यायचं ठरलं होतं आणि पावसाळा संपल्यावर उद्घाटन होतं.

"डोंगरे मॅडम, सुकळीहून काहीबाही कानावर येतंय," कुलगुरू म्हणाले. "म्हणजे काय आहे, बाहेरचे पाहुणे येणार. तुमचाच सिद्धांत तुमच्याच विद्यार्थिनीनं मोडला अशी बातमी ऐन वेळी नको."

"प्रयोगात एक शंका आहे," प्रणिताच्या तोंडून निघून गेलं.

"वा. मग ती लिहून छापायला पाठवा ना. शंका आहे एवढं जगाला कळलं तरी पुष्कळ झालं. नंतर त्यांचं ते बघतील."

फोन ठेवून ती बाहेर येऊन बसली. समोर मोहाच्या झाडाखाली गावातल्या बाया फुलं वेचत होत्या. कुलगुरूंच्या बोलण्यात लबाडी काही नव्हती. चोरवाट खरी होती. ती छापणं हा तिचा हक्क होता, किंबहुना कामच होतं. पण शबानाला सांगण्याआधी छापून टाकलं, तर तिच्या आकड्यावर कायमचा डाग बसेल. लोक म्हणतील, सुकळीचा प्रयोग ना, त्यात घोळ होता. पुन्हा सगळं जमवून आणायला दहा वर्षं जातील, आणि तोवर प्रणिता डोंगरे सन्मानानं म्हातारी होईल. युक्तिवाद शाबूत, इमारतीवर नाव.

संध्याकाळी तिनं मिलिंदला फोनवर सगळं सांगितलं. मिलिंद वीज मंडळातून अभियंता म्हणून निवृत्त झालेला, बोलणं मोजकं.

"छापलंस तर तू जिंकतेस?"

"हरत नाही."

"आणि शबानाला सांगितलंस तर?"

"ती फट बुजवेल आणि पुन्हा मोजेल."

"मग तुला काय हवंय?"

प्रणिता म्हणाली, "मला कळायला हवंय, मिलिंद. बरोबर ठरण्यापेक्षा ते जास्त हवंय, हे मला आत्ता बोलताना समजतंय."

"मग फोन कशाला केलास? जा तिच्याकडे."

सकाळी चहाच्या वेळी प्रणितानं शबानासमोर कागद ठेवले. शबाना वाचत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. वाचून झाल्यावर तिनं कागद नीट जुळवून कपाखाली ठेवले.

"हे तुम्ही परस्पर छापू शकत होता."

"शकत होते."

"मी तुमच्या जागी असते तर..." शबानानं वाक्य सोडून दिलं. "पण मॅडम, यानंतर आकडा खाली आला, तर माझं आयुष्य गेलं. वर राहिला, तर तुमचं."

"माझं कशानं जातंय?" प्रणिता म्हणाली. "तेवीस वर्षांपूर्वी तू विचारलंस, मनापासून लिहिलंय का. मी हो म्हटलं. आता ते निभवायला नको? दोन वेगळे लेसर लाव. एकाला दुसऱ्याचा वाराही लागू देऊ नकोस."

सगळा पावसाळा त्यात गेला. दुसरा लेसर बसवायला बोगद्याचं टोक पुन्हा उघडावं लागलं. ऑगस्टमध्ये खाणीत पाणी भरलं आणि काम पंधरवडाभर ठप्प झालं. प्रणिता नागपूर-सुकळी करत राहिली. हेमांगीबरोबर तासन्‌तास बसून ती एकेक वाट तपासे, प्रकाश कुठून परत फिरू शकतो ते हुडके. आपल्या घराखाली सुरुंग पेरायला आपणच मदत करतोय, हे तिला दिसत होतं. पण इतक्या आनंदानं ती यापूर्वी कधी कामाला गेली होती, हे तिला आठवत नव्हतं.

*

मोजणी सुरू झाली ती दसऱ्यानंतर. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर दुपारपासून आकडा हलत होता. सुरुवातीला नोंदी थोड्या असल्यामुळे तो वेड्यासारखा वरखाली उड्या मारत होता, मग जशी भर पडत गेली तसा शांत होत गेला. एक पूर्णांक नऊ. दोन. पुन्हा एक पूर्णांक नऊ. पत्र्यावर वानरं धावली तेवढाच आवाज.

चोरवाट बुजवल्यावर आकडा खाली यायला हवा होता. निदान प्रणिताचं गणित तसं सांगत होतं. तो वर चढू लागला. दोन पूर्णांक दोन. दोन पूर्णांक चार. दोन पूर्णांक सहाला येऊन तो स्थिरावला आणि मग हलला नाही. त्या कवडशानं आकडा फुगवला नव्हता, उलट दाबून ठेवला होता.

हेमांगी रडायला लागली. शबानानं पडद्याकडे पाठ केली आणि प्रणिताकडे पाहिलं.

"मला खाली जायचंय," प्रणिता म्हणाली.

दोघी पाळण्यानं खाली उतरल्या. टाकीसमोर एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर प्रणिता बसली. पाहण्यासारखं काहीच नव्हतं. हिरवा दिवा, पंपाची घरघर, खडकातून पाझरणारं पाणी. आणि त्या पत्र्याच्या आत, एका धुळीच्या कणाहून लहान जागेत, आत्ता या क्षणी, दोन गोष्टी घडत होत्या आणि त्यांतली कुठलीच आधी नव्हती. दोन्ही एकदम घडत होत्या, असंही म्हणता येत नव्हतं. एकदम म्हणायलासुद्धा काळ लागतो. तिथे वेळ ओळीत उभी राहायला अजून शिकलीच नव्हती.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. ज्याला ती हाड समजत होती तेसुद्धा मांसच निघालं. आणि आत? आत काय असेल, याची कल्पना करायला माणसाच्या भाषेत क्रियापदसुद्धा नव्हतं. हे खडक, वर पसरलेलं जंगल, आभाळ, तिची साठ वर्षं, सगळं अशाच ओळीत न लागलेल्या कशावर तरी उभं होतं आणि तरीही ओळीत चालत होतं. सकाळ रोज दुपारच्या आधी येत होती. केवढी नवलाची गोष्ट ही, आणि इतकी वर्षं तिनं ती गृहीत धरली होती.

"कुठं चुकले ते दिसलं मला," ती हळू आवाजात म्हणाली. "गोष्ट सांगायला जे लागतं, ते गोष्ट असायलाही लागतं, असं मी धरून चालले. सांगणारे आपण. जगाला थोडंच काही सांगायचंय."

शबाना तिच्या शेजारी खाली जमिनीवर टेकली. तिनं प्रणिताच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

*

उद्घाटनाला सभागृह भरलं होतं. कुलगुरूंनी आदल्या दिवशी पुन्हा एकदा सुचवलं होतं की भाषण "सर्वसाधारण" ठेवावं. प्रणितानं कागद काढलाच नाही.

"या इमारतीवर माझं नाव आहे ते एका युक्तिवादामुळे," ती म्हणाली. "तो युक्तिवाद चुकीचा आहे. डॉक्टर शबाना मुजावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुकळीला ते दाखवून दिलंय आणि मी स्वतः ते तपासलंय. तेव्हा नाव बदलावं, अशी माझी विनंती आहे. पण इमारत ठेवा. आता तिची खरी गरज आहे."

मागच्या बाजूला कुणाची तरी खुर्ची करकरली. समोरच्या रांगेत एक परदेशी प्राध्यापक होते. त्यांनी प्रणिताच्या युक्तिवादावर दोन पुस्तकं लिहिली होती. ते उठून निघून गेले, आणि पुढे त्यांनी तिच्या पत्रांना उत्तरं दिली नाहीत. कुलगुरू बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत बसले. मग मागून टाळी वाजली, एक, दोन, आणि हळूहळू सभागृह उभं राहिलं. एका वार्ताहरानं तिला गाठून विचारलं, तीस वर्षं वाया गेली असं वाटतं का. ती म्हणाली, "रेषा आखली नसती तर ओलांडता कशी आली असती?" आणि तिथून निघाली.

घरी जाताना मिलिंद गाडी चालवत होता. रस्त्यावर ऊन उतरलं होतं. तिचा चेहरा त्यानं दोनतीनदा वळून पाहिला. थकलेला दिसेल अशी त्याची अपेक्षा होती. पण तो चेहरा एखाद्या नव्यानं कॉलेजात दाखल झालेल्या मुलीसारखा दिसत होता.

"मग, आता पुढे काय?" त्यानं विचारलं.

"शबाना म्हणतेय सुकळीला येऊन राहा. जाईन म्हणते. सगळं पहिल्यापासून सुरू करायचं."

एवढं बोलून ती एकदम थांबली आणि हसू लागली. मिलिंदला काही कळेना, त्यानं गाडी बाजूला घेतली.

"काय झालं गं?"

"पहिल्यापासून," ती डोळे पुसत म्हणाली. "अरे, तेच तर शोधायचंय आता. खाली कुठंच पहिलं नाही, तर मग आपल्याकडे हे पहिलं येतं कुठून?"